सिएराची भवानी

नवऱ्याने गाडी घेतली की बायका शेजारीपाजारी पेढे वाटतात. आशुतोषने घेतली तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी जे बोलले ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मुळात ती गाडी त्याने चालवायला घेतलीच नव्हती. हॉलंडमधल्या उइटहॉर्नला आमच्या घरामागे एक भाड्याचं गॅरेज होतं. डिसेंबरातल्या एका शनिवारी त्याने तिथे जुनी, विटकरी रंगाची फोर्ड सिएरा आणून उभी केली आणि तोंडभर हसून म्हणाला, "आसावरी, ही आपली डोनर."

"डोनर? कोणाची किडनी गेलीय?" मी विचारलं.

मग त्याने मला समजावून सांगितलं. इंग्लंडहून एक किट येणार होतं. किट म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग आणि एक जाडजूड पुस्तक. त्या सांगाड्यात या सिएराचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग वगैरे काढून बसवायचं, की झाली स्वतःच्या हाताने बांधलेली स्पोर्ट्स कार. दोन माणसांची. दारं नाहीत, छप्पर नाही. छप्पर नाही! हॉलंडमध्ये! जिथे उन्हाळा बुधवारी येतो आणि गुरुवारी निघून जातो, तिथे हा माणूस बिनछपराची गाडी बांधणार होता.

"आणि पैसे कुठून आणलेस?"

तो गॅरेजच्या छताकडे बघायला लागला. तेव्हाच मला कळलं.

मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, मृणालिनीचं, लग्न होतं. पुण्याच्या तिकिटांसाठी आम्ही दोघांचे पैसे बाजूला टाकले होते. ते पैसे आता गॅरेजमध्ये चार चाकांवर उभे होते आणि खालून तेल गळत होतं.

"अगं, ऐक तरी. डोनर फुकटात पडते," तो म्हणाला. "आपल्याला लागतं तेवढं काढायचं आणि उरलेलं सगळं विकायचं. दारं, काचा, दिवे, बंपर. सगळेच किटवाले तसं करतात. काही जणांना तर वर पैसे उरतात. एप्रिलपर्यंत सगळे परत, शप्पथ."

आता हा आशुतोष कसा आहे ते सांगते. कॉम्प्युटरसमोर बसवा, बँकेची अख्खी सिस्टीम एकटा सांभाळेल. पण बाजारात पाठवा, कोथिंबिरीची जुडी घेताना भाजीवाल्यालाच म्हणेल, एवढी स्वस्त कशी परवडते हो तुम्हाला? असा माणूस सुटे भाग विकणार होता, तेही डच लोकांना.

आणि मला नुसतं मी पुण्याला पोचणं पुरत नव्हतं. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. आमच्या लग्नात चुलतभाऊ होता, तो आता मृणालच्या लग्नाच्या वेळी बोटीवर असणार होता. मृणालने साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं होतं, "माझ्या नवऱ्याचा कान जिजाजी पिळणार. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही." तिच्या शेंबड्या वयापासून आशुतोष तिला गणित शिकवायला यायचा. आमचं जमलं तेसुद्धा तिच्या गणितामुळे. आता ती फोनवर दर वेळी पहिला प्रश्न तोच विचारायची, "ताई, दोघांची तिकिटं झाली ना?" आणि मी थापा मारायची, "होतायत गं."

किट आलं आणि गाडी सुटी झाली. जानेवारीभर आशुतोष काळ्या हातांनी जेवायला यायचा आणि मी त्याला पुन्हा बेसिनकडे पाठवायची. फेब्रुवारीत त्याने जुन्या वस्तू विकायच्या वेबसाइटवर जाहिरात टाकली. एक गृहस्थ पुढचं दार बघायला आला, दोनदा उघडझाप केली, तोंड वाकडं केलं. आशुतोष म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

डच माणसाला! तुम्हाला योग्य वाटेल ते! त्या गृहस्थाला सात युरो योग्य वाटले. शिवाय आशुतोषने त्याला वायपर फुकट दिले, कारण बिचारा लांबून आला होता. किती लांबून? बाडहूव्हडॉर्पहून! सायकलने पाऊण तासाच्या वाटेवर!

त्या दिवशी मी ताबा घेतला.

माझ्या बाबांचं रविवार पेठेत भांड्यांचं दुकान. बी.कॉम. होईपर्यंत मी कॉलेजातून आले की गल्ल्यावर बसायची. पातेलं ठोकून दाखवायचं कसं, गिऱ्हाईक उठून जायला लागलं की नेमक्या कोणत्या पायरीवर हाक मारायची, हे मला कोणी शिकवावं लागलेलं नाही. म्हटलं, पातेलं काय आणि बंपर काय. मी सगळा माल धुतला. हो, धुतला. दारं साबणाने, दिवे लिंबाने, डॅशबोर्ड खोबरेल तेलाचा हात देऊन. गॅरेजमध्ये जुनी चादर अंथरून सगळं मांडलं, मोठं मागे, छोटं पुढे. आशुतोषला सांगितलं, "तू फक्त कुठला भाग कशाला लागतो ते सांगायचं. आकडा तोंडातून काढलास तर बघ."

दर शनिवारी दुकान. पहिल्या शनिवारी सकाळी पहिला आला तो हेंक. पन्नाशीचा, ताडमाड, पार उत्तरेच्या टोकाला असलेल्या ग्रोनिंगनहून एका खडखडत्या सिएरामध्ये. तिथल्या एका शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याला पुढचा बंपर हवा होता. मी साठ सांगितले. तो म्हणाला, "पाच."

आता पाच म्हणजे चेष्टाच. दुसरं कोणी असतं तर मी त्याला बंपरसकट बाहेर काढलं असतं. पण ते दिवसातलं पहिलं गिऱ्हाईक होतं. भवानीची वेळ. बाबांचा नियम एकच आणि तो दगडावरचा: भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. ते म्हणेल त्या भावात द्यायचं, घाटा का होईना. भवानी मोडली की त्यांचा दिवसभर जीव थाऱ्यावर नसायचा. मी ते इतकी वर्षं बघितलंय की माझी जीभच उचलेना.

"घ्या," मी म्हटलं.

हेंकच थक्क झाला. त्याने पाचाची नोट दिली, मी ती कपाळाला लावली, डोळ्यांना लावली आणि डब्यात ठेवली. त्याने विचारलं, हे काय? आणि इथे माझी चूक झाली. मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण कोणीतरी आपल्या घरच्या गोष्टीबद्दल विचारलं की मला भरून येतं. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सगळं सांगितलं. भवानी म्हणजे काय, बाबांचं दुकान, पहिलं गिऱ्हाईक म्हणेल तो भाव, सगळं. त्याला चहा पाजला, चिवडा दिला. मृणालच्या लग्नाचंसुद्धा सांगितलं. हेंकने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चिवड्याची वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली आणि बंपर घेऊन गेला.

पुढच्या शनिवारी मी पडदा उघडला तर गॅरेजसमोर रांग!

अंधार पुरता सरला नव्हता, गवतावर दव होतं आणि पाच-सहा माणसं हातात थर्मास घेऊन उभी होती. एकाने तर घडीची खुर्ची आणली होती. मला वाटलं, कुठे आग लागली का काय! मी शटर वर केलं तसा खुर्चीवाला उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "गुड मॉर्निंग. बवानी!" आणि डिकीच्या काचेसकट झाकणाला हात लावून म्हणाला, "दोन युरो."

झालं असं होतं की हेंकने जाऊन सिएरावाल्यांच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर सगळं लिहिलं होतं. उइटहॉर्नमध्ये एक भारतीय बाई आहे, शनिवारी जो पहिला पोचेल त्याला तो सांगेल त्या किमतीत माल देते, तिच्या धर्मात तसं आहे, शिवाय काहीतरी खारं आणि तिखट खायला मिळतं. आशुतोषने मला ते वाचून दाखवलं आणि हसता हसता खाली बसला.

"हस! खुशाल हस!" मी म्हटलं. "तुझ्या मेहुणीच्या लग्नात तुझा फोटो ठेवतील पाटावर!"

"अगं, पण तू कशाला ऐकतेस? नाही म्हण ना सरळ. त्यांना काय कळतंय?"

"त्यांना कळत नसेल. मला कळतं ना!"

हे त्याला समजेना. चूक त्याची नाही, त्याचे बाबा पाटबंधारे खात्यात होते. पण मी काय सांगू? परक्या देशात येऊन दोन वर्षं झाली होती. साडी कपाटात होती, भाषा जिभेवर अडखळत होती, नोकरीचा परवाना नवऱ्याच्या नावावर. त्या गॅरेजमध्ये उभी राहिले की मी पुन्हा कोणीतरी होते, रविवार पेठेतल्या दुकानाची मुलगी होते. ते दुकान चालवायचं तर बाबांच्या रीतीनेच चालवणार. नाहीतर मग नुसतं भंगार विकणं आहे ते.

त्या शनिवारी डिकी दोन युरोत गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी हीटर एका युरोत गेला, आणि वर त्या माणसाने पावती मागितली. मी रात्री उशीवर तोंड दाबून ओरडले.

यातून वाट काढली ती शेजारच्या ट्रूसबाईंनी. ट्रूस ऐंशीला टेकलेली, एकटी राहायची, पहाटे उठून खिडकीत बसायची आणि अख्ख्या गल्लीवर लक्ष ठेवायची. रांगेची भानगड काय आहे म्हणून ती विचारायला आली. मी सांगितलं. तिने गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाली, "पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोणीही?"

"कोणीही. घरचं माणूस सोडून."

"मग मी का नाही?"

इतकी साधी गोष्ट! पुढच्या शनिवारी उजाडायच्या आधी ट्रूस झगा आणि लोकरी सपाता घालून मागच्या दाराने गॅरेजमध्ये हजर. तिने छोट्या मालाचा डबा उघडला, बराच वेळ निवडून एक नट उचलला आणि म्हणाली, "दहा सेंट." मी नाणं कपाळाला लावलं. मग शटर वर केलं. बाहेर खुर्चीवाला उठला, "बवानी!" मी म्हटलं, "झाली. आता उरलेलं पुढचं दार ऐंशी युरो, आणि हसू नका, साठाच्या खाली येणार नाही."

काय त्याचा चेहरा झाला! पण गंमत बघा, कोणी परत गेलं नाही. भवानी नाही मिळाली तरी लोक थांबले. घासाघीस सुरू झाली आणि मला अंगात वारं आल्यासारखं झालं. मी दिवा उन्हात धरून दाखवायची, दार टकटक वाजवून दाखवायची. गिऱ्हाईक गेटपर्यंत गेलं की हाक मारायची, "अहो, चहा तरी घेऊन जा!" चहा पिऊन झाला की ते दार घेऊनच जायचं. आशुतोष मागे उभा राहून कोणता स्क्रू कुठे लागतो ते सांगायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू मला पहिल्यांदाच बघतोय. एकदा म्हणाला, "तू दुकानात अशीच होतीस?" मी म्हटलं, "याहून वाईट." त्याला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर मलाही आवडलं. त्या गाडीवरचा माझा राग कधी उतरला ते कळलंच नाही.

मार्च संपता संपता एका तिकिटाचे पैसे जमले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गॅरेजमधला विकायचा माल जवळजवळ संपला. उरला होता सिएराचा नुसता पत्र्याचा सांगाडा, तो भंगारवाला घेऊन गेला. एजंटने दोन तिकिटं धरून ठेवली होती, पण ईस्टरच्या सुट्टीनंतर मंगळवारी सकाळपर्यंतच. त्या दराने पुढे मिळणार नव्हती, मे महिन्यात पुण्याला जाणारी झाडून सगळी आपली माणसं त्याच विमानांच्या मागे होती.

बुधवारी जेवताना आशुतोष म्हणाला, "आसावरी, तू जा. मी राहतो. माझ्यामुळेच झालंय हे. मी मृणालशी बोलतो."

"काय बोलणार? कान कुरिअरने पाठव म्हणून?"

"मी गंमत करत नाहीये."

"मीही करत नाहीये!" मी ताट सरकवलं. "मी एकटी जाऊन काय करू तिथे? प्रत्येक मावशी-आत्या विचारणार, जावईबापू कुठे? आणि मृणाल? ती लग्नाच्या दिवशी रडेल, आशुतोष. आणि मीही रडेन. मला तू हवा आहेस तिथे. एवढं साधं कळत नाही का तुला?"

त्याचे डोळे भरून आले होते. मी पण इकडेतिकडे बघितलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं कशावर बसलोय.

सीट्स! सिएराच्या सीट्स! त्या मुळात आशुतोषला त्याच्या गाडीत बसवायच्या होत्या, पण सांगाडा अरुंद आणि सीट्स ऐसपैस. तरी त्याचा जीव सुटेना. मग त्याने त्या लाकडी फळ्यांवर चढवून दिवाणखान्यात मांडल्या, आणि आमचा जुना सोफा मोडका असल्यामुळे मी काही बोलले नव्हते. दोन पुढच्या, एक मागचं बाक. राखाडी, त्यावर बारीक लाल रेघ, एक डागसुद्धा नाही. तीन महिने आम्ही त्यावर बसून जेवत होतो, टीव्ही बघत होतो आणि तिकिटांची काळजी करत होतो.

आशुतोषने त्याच रात्री सिएरावाल्यांच्या कट्ट्यावर फोटो टाकला. एकाने लिहिलं, या तर खास मॉडेलच्या सीट्स आहेत, आता मिळत नाहीत. दुसऱ्याने विचारलं, शनिवारी दुकान आहे ना? मी हिशेब केला. साडेचारशे आले तरी दुसरं तिकीट निघत होतं. मला गाता येत असतं तर मी गायले असते.

आणि मग शुक्रवारी संध्याकाळी ट्रूस छोटी बॅग घेऊन दारात आली. ईस्टरसाठी मुलगा न्यायला आला होता. ती माझा हात धरून म्हणाली, "उद्याचं विसरलेच बघ मी. आत्ताच देऊन ठेवू दहा सेंट?"

पण भवानी आदल्या दिवशी होत नाही. मी तिला हसून निरोप दिला आणि दार लावल्यावर आशुतोषला विचारलं, "आता उद्या पहिलं गिऱ्हाईक कोण?"

"मी होतो की पहिला," आशुतोष म्हणाला.

"घरच्याची चालत नाही."

"मग रस्त्यावरून कोणालाही पकडू सकाळी."

शनिवारी आम्ही उजाडताच बाहेर पडलो. सीट्स आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये नेल्या होत्या. कुत्रा फिरवणारं कोणी दिसलं तर त्याला एक वॉशर विकायचा, असा बेत होता. पण गॅरेजसमोर एक खडखडती सिएरा आधीच उभी होती. आत पुढच्या सीटवर पाय दुमडून हेंक झोपला होता. मध्यरात्रीच ग्रोनिंगनहून निघाला असणार. मी शटरला हात लावला, तसा आवाजाने उठला, केस सारखे केले आणि खाली उतरला. त्याच्या मागे दोन गाड्या वळून येत होत्या.

"बवानी," हेंक म्हणाला. त्याला उच्चार अजून जमत नव्हता.

माझं डोकं सणकलं. पाच युरोत बंपर नेला, गावभर ओरडला, माझ्या दारात रांग लावली, आणि आता ऐन वेळेला हा! आशुतोष माझ्या कानाशी मराठीत म्हणाला, "नाही म्हण. आसावरी, प्लीज. एकदाच. सांग त्याला, आज भवानी नाही. बाबांना कळणारसुद्धा नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला किती यायचं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. एक शब्द. एक 'नाही' म्हटलं असतं तर काम झालं असतं, मागून येणाऱ्यांनी मुकाट साडेचारशे मोजले असते. मला रडू येत होतं. बाबांचा राग आला, त्यांच्या नियमाचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. पण बाबांनी नियम पाळला तेव्हाही घाटा त्यांचाच व्हायचा, आणि तेव्हाही ते म्हणायचे नाहीत की आज जरा अडचण आहे, उद्यापासून पाळू.

"बोला हेंकराव," मी म्हटलं. "काय देताय?"

हेंकने सीटवरून हात फिरवला. बसून बघितलं. उठला, खाली वाकून पट्ट्या तपासल्या. सुतारमास्तर तो, घाई नाही कसली. मग सरळ उभा राहून म्हणाला, "सहाशे."

मला वाटलं माझं डच चुकलं. मी आशुतोषकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं.

"किती?"

"सहाशे. यांची किंमत जवळपास तेवढीच आहे, मी चौकशी केली. तूच सांगितलंस ना, भाव पहिलं गिऱ्हाईक ठरवतं? मी ठरवला." मागच्या गाड्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ते लोक घासाघीस करून तुला खाली आणतील. तुला बहिणीच्या लग्नाला जायचंय. आणि मला या सीट्स हव्या आहेत. म्हणून रात्री निघालो."

आता शहाण्या बाईने काय करावं? पैसे घ्यावेत, नमस्कार करावा. पण माझ्या अंगात रविवार पेठ! माझ्या तोंडून निघालं, "छे! भवानीला सहाशे? भवानीचं गिऱ्हाईक असं लुटतात का? चारशे द्या!"

आशुतोषने माझ्या पायावर पाय दिला.

"सहाशे," हेंक म्हणाला. डच माणूस एकदा ठरवलं की हलत नाही.

"चारशे वीस!"

"सहाशे."

"अहो, तुम्हाला व्यवहार कळतो का? साडेचारशे, आणि शेवटचं!"

"बंपरचे पन्नास-पंचावन्न मी तेव्हा खाल्ले," तो म्हणाला. "ते धरून सहाशे."

मागच्या गाडीतून उतरलेला खुर्चीवाला आता पोटावर हात ठेवून हसत होता. मला संताप आला, हसूही आलं. मी कमरेवर हात ठेवले. "पाचशे पन्नास. पन्नास भवानीचे सोडले. यापेक्षा एक सेंट जास्त दिलात तर सीट्स देणार नाही, सांगून ठेवते!"

हेंकने विचार केला. मग हात पुढे केला. नोटा मी कपाळाला लावल्या, डोळ्यांना लावल्या आणि तिथेच धरून उभी राहिले, कारण डोळे पुसायला दुसरं काही जवळ नव्हतं. आशुतोष हेंकला मिठी मारत होता. हेंक ताठ उभा राहून ते सहन करत होता आणि चिवडा आहे का म्हणून विचारत होता.

चिवडा होता. शिवाय मी सगळ्यांना पोहे केले, खुर्चीवाल्यालासुद्धा. सीट्स गाडीत चढवून हेंक गेला. जाताना त्याने बंपरला थोपटून दाखवलं, बघ, चांगला बसलाय म्हणून.

मग आम्ही दोघं घरात आलो. दिवाणखान्यात बसायला काहीच उरलं नव्हतं. भिंतीला टेकून जमिनीवर बसलो आणि आशुतोषने पुण्याला फोन लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला. तिकडे मृणालने उचलला. लग्नाची तयारी चालू असावी, मागे आईचा आवाज येत होता.

"ताई? काय गं? तिकडे तर आत्ता सकाळ ना? तिकिटाचं काही झालं का?" आणि मग हळूच, घाबरल्यासारखं, "जिजाजी येतायत ना?"

मला किती काय काय सांगायचं होतं. सीट्सचं, हेंकचं, बाबांच्या भवानीचं. पण तोंडातून एकच शब्द निघाला.

"दोघं," मी म्हटलं.

तिकडे रिसीव्हर खाली आदळला. मग लांबून, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून, तिचं ओरडणं ऐकू आलं, "आई! बाबा! दोघं येतायत, अहो दोघं येतायत!"